चासीचा आवाज

बाल्डुर आयनारसनची पिकअप ऑक्टोबरच्या शेवटी मेली, तेव्हा त्याच्या मुलीला, रूनाला, आधी आनंद झाला आणि मग त्या आनंदाची लाज वाटली. मेली ती अगदी अंगणातच. हौद्यात जाळ्यांच्या पेट्या चढवून झाल्या, बर्फाला भोकं पाडायचं यंत्र चढलं, शेवटची पेटी ठेवली आणि कडकन आवाज होऊन हौद्यानं केबिनशी काडीमोड घेतला. मागचा भाग खाली बसला, पुढचा आकाशाकडे बघायला लागला. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकतात ते मीठ इतके हिवाळे खाऊन चासीची, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याची, चाळण झाली होती. बाल्डुरनं वाकून खालून हात फिरवला, हातात गंजाचा पापुद्रा आला, तो त्यानं नाकाशी धरून हुंगला आणि म्हणाला, "गेली बिचारी. आता दुसरी शोध."

शोधायचं काम रूनाचंच होतं. म्हाताऱ्याच्या नजरेचा मधला भाग गेला होता. समोर उभ्या माणसाचे कान त्याला दिसत, तोंड दिसत नसे. गाडी चालवायचा परवाना सरकारनं कधीच काढून घेतला होता. तेव्हापासून विनिपेग सरोवराच्या बर्फावर गाडी नेणं, भोकं पाडणं, फळीला दोर बांधून बर्फाखालून जाळं सोडणं, ते ओढणं आणि थिजल्या बोटांनी त्यातले मासे सोडवणं, सगळं रूनाच्या गळ्यात पडलं होतं. भाऊ तेलाच्या विहिरींवर कामाला म्हणून गेला तो नाताळच्या कार्डापुरता उरला. नवरा त्याच्याही आधी गेला, आणि त्यानं कार्डसुद्धा पाठवलं नाही. राहता राहिली रूना. स्टाइनविक गावात जो मागे राहतो, त्याला कुणी विचारत नाही की बाबा, तुला राहायचं होतं का?

तिला राहायचं नव्हतं. शहरात तिची मुलगी डाग्नी होती, तिला फेब्रुवारीत बाळ होणार होतं. डाग्नीच्या ओळखीनं तिथल्या एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात जागा मिळत होती. चार भिंतींच्या आत, उबेत, कोरड्या हातांनी करायचं काम. नोव्हेंबरअखेरपर्यंत ती जागा तिच्यासाठी राखून ठेवली होती. आणि घरचंही काही अडत नव्हतं. म्हाताऱ्याला पेन्शन होतं, मासेमारीचा परवाना शेजारच्या वॉल्टरला चालवायला दिला असता तरी त्याचं मजेत भागलं असतं. अडत होतं ते एवढंच, की हे बापाला सांगायचं कसं?

बाप तापट असता तर किती बरं झालं असतं! भांडण काढता आलं असतं, दार आपटून निघता आलं असतं. पण बाल्डुर तिला जन्मात कधी वाकडा शब्द बोलला नव्हता. आई गेल्यावर तिच्या वेण्या त्यानं घातल्या, जाळ्याच्या गाठी मारतात तशा घट्ट, की दुपारपर्यंत डोकं ठणकायचं. नवरा गेला त्या दिवशी त्यानं काही न विचारता तिची गाडी इंजिन गरम ठेवायच्या वायरीला जोडून ठेवली, सकाळी सुरू व्हावी म्हणून. अशा माणसाला 'मी चालले' म्हणायचं? चारदा ती तोंड उघडून बसली, चारदा म्हाताऱ्यानं साखरेचा खडा दातात धरून कॉफीचा घोट घेतला, म्हणाला, "यंदा उत्तरेच्या बाजूला जाळी टाकू, रूना," आणि चारदा तिनं तोंड मिटलं. पाण्याचा बर्फ होताना आवाज होत नाही. तिच्या आयुष्याचंही तसंच झालं होतं.

म्हणून गाडी मेली आणि तिला वाटलं, सुटले. गाडी नाही तर तळं नाही. जाळी, पेट्या, यंत्र, शेगडी, खोपटं हे सगळं काय पाठीवर घेऊन जायचं? पण बापानं तिच्या हातात हातोडी दिली.

"डोळे तुझे, कान माझे," तो म्हणाला. "नवीन आपल्याला नको. नवीन जड असतात, बर्फाला भार सोसत नाही. जुनी, हलकी, लांब हौद्याची बघ. फोर-व्हील हवी. बाकी सगळं बदलता येतं. इंजिन बदलता येतं, स्प्रिंगांचे पाटे बदलता येतात, नवरासुद्धा बदलता येतो."

"पाब्बी!" ती म्हणाली. बापाला त्यांच्यात पाब्बीच म्हणतात.

"चासी बदलता येत नाही. चासी नीट ठोकून बघ."

ही ठोकण्याची विद्या त्या किनाऱ्यावर बाल्डुरची. आजूबाजूच्या गावांतले लोक जुनी गाडी घ्यायची झाली की त्याला घेऊन जात. तो डोळे मिटून उभा राही आणि खाली कुणीतरी हातोडी मारी. धड लोखंड खणखणीत बोलतं, कुजलेलं थपथपतं, आणि वरून रंग फासून आत कुजलेलं दोन्हींच्या मधलं काहीतरी बोलतं. ते मधलं बाल्डुरला कळे. त्याच कानानं तो बर्फही ऐकायचा. तळ्यावर गाडी नेताना तिथे कुणी पट्टा बांधत नाही, काचा खाली असतात, दारं अर्धवट उघडी, म्हणजे वेळ आलीच तर उडी मारता यावी. हीटर बंद ठेवतात, बर्फाचं ऐकू यावं म्हणून. आणि एक नियम सगळे पाळतात: ज्याचे कान गेले, त्यानं किनाऱ्यावर बसायचं. डोळे गेलेला चालतो, गुडघे गेलेला चालतो, पण बहिऱ्याला कुणी बर्फावर नेत नाही.

रूनानं मनाशी ठरवलं: गाडी शोधायची, पण सापडू द्यायची नाही.

हे काम सोपं निघालं. जुन्या गाडीत खोट काढायला अक्कल लागत नाही, आणि मिठाच्या रस्त्यांच्या मुलखात तर खोट आपण होऊनच गळून पडते. पहिली गाडी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंच्या दिवंगत नवऱ्याची होती. तिचे पाटे बसलेले होते. दुसरीची फोर-व्हील अडकत होती. तिसरीचा मालक म्हणाला, "फक्त उन्हाळ्यात चालवली हो," आणि हौद्यातली वाळूची पोती लपवायला विसरला. मागच्या चाकांवर वजन पडावं म्हणून ही पोती हिवाळ्यातच टाकतात, हे काय तिला सांगायला पाहिजे होतं? या तिन्ही खोटी खऱ्या होत्या. चौथीच्या वेळी ती पहिल्यांदा खोटं बोलली. गाडी बरी होती, पण तिनं घरी येऊन सांगितलं, "गिअरबॉक्स रडतोय." म्हाताऱ्यानं मान हलवली. त्याचा तिच्यावर विश्वास होता, आणि तिला सगळ्यात जास्त तोच टोचत होता.

नोव्हेंबर चढला. खाडी आधी दुधाळ झाली, मग पांढरी. रूना रोज सकाळी खिडकीतून बघे आणि नोव्हेंबरचे उरलेले दिवस मोजे. गावातली पोरं कडेकडेनं बर्फावर चालायला लागली. वॉल्टर पहार घेऊन गेला आणि बर्फाची जाडी वीतभर भरली असं सांगत आला.

हा वॉल्टर मंकमन म्हणजे शेजारी, बाल्डुरच्याच वयाचा, तोंडानं सैल, मनानं चांगला. कॉफीला आला की टेबलावर हात आपटून हसायचा.

"अगं, अजून नाही मिळाली गाडी? बापावर गेलीस तू, बापावर! याचं लग्न व्हायचं होतं, तेव्हाची गोष्ट. यालाही याच्या म्हाताऱ्यानं हातोडी देऊन गाडी शोधायला पाठवलं. हा पठ्ठ्या एकेक गाडी नाकारत सुटला. हिचं हे नाही, तिचं ते नाही. सगळा किनारा पालथा घातला. शेवटी म्हातारा आयनार चिडला, स्वतः गेला, गाडीखाली शिरला, हातोडी मारली न्‌ बाहेर येऊन म्हणाला, 'घेतली!' हिरवी गाडी होती ती. बावळटासारखा बघत राहिला होता हा! एवढा चोखंदळ माणूस मी दुसरा पाहिला नाही."

ही गोष्ट वॉल्टर दर हिवाळ्यात सांगायचा. रूनाला तोंडपाठ होती. बाल्डुर ऐकून हसत नसे, रागावतही नसे. तो नवा साखरेचा खडा घ्यायचा.

त्याच आठवड्यात डाग्नीचा फोन आला. "मम्मा, त्या बाई परत विचारत होत्या. शुक्रवारी त्यांना नाव कळवायचंय. तू येतेयस की नाही?"

"येतेय गं."

"अफीला सांगितलंस?" अफी म्हणजे आजोबा.

"सांगते."

"मम्मा, तू गेल्या महिन्यातही 'सांगते' म्हणाली होतीस."

रूनानं फोन ठेवला. मागे वळली तर बाप दारात उभा, तोंड तिच्याकडे पण नजर तिच्या खांद्यावरून, कारण त्याला तसंच बघावं लागे. त्यानं काही ऐकलं की नाही कोण जाणे. तो म्हणाला, "ओरेस्टचा निरोप आलाय. गाडी आहे म्हणतो. उद्या जाऊ. मीही येतो."

आजवर तो कधी बरोबर आला नव्हता. रूनाला रात्रभर घरातल्या भिंती जवळ आल्यासारख्या वाटत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी वॉल्टरच्या गाडीतून तिघं निघाले. ओरेस्ट ह्रिंचुकचं गाड्यांचं आवार हायवेच्या कडेला होतं. अंगावर मेंढीच्या कातड्याचा कोट, तोंडात सूर्यफुलाच्या बिया, टरफलं बर्फावर थुंकत तो पुढे आला.

"या, या बाल्डुर! तुझ्या पोरीनं किनाऱ्यावरच्या निम्म्या गाड्यांना नावं ठेवली. आता ही बघ. सस्काचेवानच्या एका शेतकऱ्याची. कोठारात ठेवलेली, हिवाळ्यात बाहेरच काढली नाही. मिठाचा खडा हिला माहीत नाही. लांब हौदा, फोर-व्हील, हलकी. हिला नाव ठेवलंस तर मी धंदा बंद करून कोंबड्या पाळीन."

गाडी फिक्या पिवळ्या रंगाची होती, आणि रूनाला पहिल्या नजरेतच कळलं की ही चांगली आहे. तिनं बॉनेट उघडलं, तेल बघितलं, चाकं बघितली, चारही दारं... दारं दोनच होती, ती उघडून मिटून बघितली. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. फोर-व्हील लोण्यात सुरी जावी तशी पडली. ती शोधत होती, जीव तोडून शोधत होती, आणि काही सापडत नव्हतं. आयुष्यात चांगल्या गाडीचा एवढा राग तिला कधी आला नव्हता.

"चासी," बाल्डुर म्हणाला. तो दोन पावलांवर डोळे मिटून उभा होता.

ओरेस्टनं पुठ्ठा टाकला. रूना पाठीवर झोपून गाडीखाली सरकली. वर लोखंड होतं, एवढ्या जवळ की तिच्या श्वासाची वाफ त्यावर बसत होती. गंजाचा ठिपका नाही. ती तशीच पडून राहिली. हातोडी मारली की आवाज होणार. आवाज झाला की गाडी घेतली जाणार. मग बर्फ, मग डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. फेब्रुवारीत डाग्नी दवाखान्यात असेल आणि ही उत्तरेच्या बाजूला कुठेतरी भोकावर वाकून जाळं ओढत असेल. मग पुढचा हिवाळा. मग त्याच्या पुढचा. बाप आहे तोवर. आणि 'बाप आहे तोवर' हा हिशोब आपण मनात करतोय, या विचारानं तिला स्वतःची किळस आली.

तिनं डाव्या हाताचा जाड लोकरी मोजा काढला, लोखंडावर धरला, आणि त्याच्यावर हातोडी मारली.

थप्‌.

पुढे सरकली. मोजा धरला. थप्‌. आणखी पुढे. थप्‌.

ती बाहेर आली तेव्हा तिचं तोंड गरम झालं होतं, त्या थंडीतसुद्धा. "कुजलीय," ती म्हणाली. "वरून रंग मारलाय. आतून गेलीय."

"काय?" ओरेस्टच्या तोंडातल्या बिया बाहेर आल्या. "रंग? अगं, मी तिला हात लावला असेल तर हात झडो माझा!"

वॉल्टर गोंधळून बाल्डुरकडे बघायला लागला. सगळेच बघायला लागले. शेवटचा शब्द त्याच्या कानाचा असायचा ना. बाल्डुरनं हात पुढे केला.

"हातोडी दे."

"पाब्बी, जमीन गोठलीय, तुझी पाठ..."

"दे."

हातोडी घेऊन तो गुडघ्यांवर बसला, मग कुशीवर झाला, मग कण्हत, चाचपडत गाडीखाली गेला. त्याचे बूट तेवढे बाहेर राहिले. रूना त्या बुटांकडे बघत उभी होती. पळून जावं असं तिला वाटत होतं, पण जाणार कुठे? चहूकडे सपाट पांढरी शेतं, आणि आली होती ती वॉल्टरच्या गाडीतून.

मग आवाज आला. खण्‌. आवारभर घुमला. खण्‌. चर्चची घंटा वाजावी तसा, स्वच्छ. लांब कुठेतरी एक कुत्रं भुंकलं. खण्‌. ओरेस्टचा चेहरा फुलला. वॉल्टरनं मान डोलावली. रूनानं डोळे मिटून घेतले.

बाल्डुर बाहेर यायला बराच वेळ लागला. वॉल्टरनं हात देऊन उठवलं. कोटावरचा बर्फ त्यानं सावकाश झटकला.

"कुजलीय," तो म्हणाला. "पोरगी बरोबर सांगतेय. चल."

आधी ओरेस्टला वाटलं थट्टा आहे. मग तो लालबुंद झाला.

"बाल्डुर! आख्ख्या आवारानं ऐकलं! ही चासी कुजलेली? तुला ऐकायला येतंय का? बहिरा झालास का तू?"

"झालो असेन," बाल्डुर म्हणाला. "डोळे गेले, आता कान. वय झालं, ओरेस्ट."

"मग हे मी सगळ्यांना सांगू? बाल्डुर आयनारसनचे कान गेले म्हणून?"

"सांग की. खुशाल सांग. संध्याकाळपर्यंत स्टाइनविकला पोचेल असं सांग."

वॉल्टरचं तोंड उघडंच राहिलं. या माणसानं आत्ता काय केलं, ते त्याला कळलं आणि रूनालाही कळलं. गाडीचं नंतर बघता आलं असतं. पण ज्यानं चार लोकांसमोर आपले कान गेले म्हणून सांगितलं, त्याला यापुढे त्या किनाऱ्यावरचं कुणीही बर्फावर नेणार नव्हतं. त्याची मुलगीही नाही. जन्मभर कमावलेलं नाव त्यानं ओरेस्टच्या आवारात, सूर्यफुलाच्या टरफलांवर टाकून दिलं होतं.

परतीच्या रस्त्यावर वॉल्टर गाडी चालवत होता. पुढे तो, मागे बापलेक. हीटरची ऊब वाढत होती. बऱ्याच वेळानं बाल्डुरनं कोटाच्या खिशात हात घातला आणि काहीतरी तिच्या मांडीवर ठेवलं. लोकरी मोजा. त्याच्यावर हातोडीच्या तोंडाएवढा काळा गोल डाग पडला होता.

"खाली विसरलीस," तो म्हणाला. "हात गारठतील."

मग मात्र तिला रडू आवरेना. लहानपणी वेण्या घट्ट झाल्या की रडायची तशीच ती रडली, नाक पुसत, आवाज करत. म्हाताऱ्यानं तिच्याकडे तोंड वळवलं नाही. वळवून त्याला कान तेवढे दिसले असते.

"शुक्रवार परवा आहे," तो म्हणाला. "त्या बाईंना फोन कर."

"तुला माहीत होतं?"

"डोळे गेलेत माझे. कान चांगले आहेत."

"आणि तू काय करशील, पाब्बी? हिवाळाभर?"

"मी? वॉल्टरच्या खिडकीत बसेन. तो बर्फावर गाडी नेईल, मी आतून नावं ठेवीन. काय रे वॉल्टर?"

"बस की," वॉल्टर पुढूनच म्हणाला. "पण तोंड बंद ठेव."

उजवीकडे सरोवर दिसायला लागलं. काठापासून पार क्षितिजापर्यंत पांढरं. वॉल्टरनं हीटर जरा कमी केला, बर्फाजवळून जाताना हात आपोआप तिकडे जातो म्हणून. बाल्डुर काचेला कान लावून बसला होता.

"ती हिरवी गाडी," तो मध्येच म्हणाला. "वॉल्टर सांगतो ती."

"हं."

"मला जहाजावर नोकरी लागली होती. मोठ्या समुद्रावर, व्हँकुव्हरला. गाडी मिळाली नसती तर गेलो असतो. मी मोजा नाही लावला, चिंधी लावली होती."

वॉल्टरनं आरशातून मागे बघितलं. रूनानं रडणं थांबवून बापाकडे बघितलं.

"माझा बाप खाली गेला, त्यानंही ठोकलं," बाल्डुर म्हणाला. "चिंधी त्याला सापडली. ती त्यानं खिशात घातली, बाहेर आला, आणि खरं बोलला."